पेठेतली खोली आणि आपले आडनाव



"मामा, आडनाव सांगू का नको सांगू?"

माझ्या भाचीने मला हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही दोघे आष्टीच्या बाजारपेठेत एका नव्या इमारतीच्या जिन्यापाशी उभे होतो. खाली चार गाळे, वर खोल्या, आणि जिन्याच्या लोखंडी दाराला सुतळीने बांधलेली पाटी : 'रूम भाड्याने देणे आहे.' भाचीच्या कडेवर दहा महिन्यांचे लेकरू होते. ऊन मी म्हणत होते. ती बी.ए., डी.एड. झालेली, स्पर्धेच्या परीक्षेतून गुणवत्तेवर शिक्षिका झालेली मुलगी आहे. वर्गात चाळीस पोरांपुढे तिचा आवाज खणखणीत असतो. पण त्या जिन्यापाशी तिने हा प्रश्न इतक्या हळू आवाजात विचारला, की माझ्या काळजात चर्र झाले. कारण हाच प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारला होता, आणि त्याचे उत्तर चुकीचे दिले होते. ते सांगावे म्हणूनच आज लिहायला बसलो आहे.

आमची आष्टी आणि आमची पेठ

आष्टी म्हटले की लोकांना बीड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आठवते, नाहीतर १९४२ च्या लढ्यातली वर्धा जिल्ह्यातली आष्टी. आमची आष्टी तिसरी. जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, त्यापूर्वी परतूर तालुका परभणीत होता. रेल्वे गाठायची तर परतूरला जावे लागते. आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार, दवाखाना, शाळा, पोलीस ठाणे असे सगळे काम आष्टीत असते, म्हणून गाव नेहमी माणसांनी भरलेले.

मी लहान होतो तेव्हा पेठेत माळवदाची घरे होती. पांढऱ्या मातीच्या भिंती, पुढे ओटा, ओट्यावर दुकान. आता माळवदे उतरली. जागोजाग सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. खाली शटरचे गाळे, त्यात मोबाईलची दुकाने, मेडिकल, कृषी सेवा केंद्र, आणि वर दोन-दोन खोल्यांचे ब्लॉक. आत नळ, आत संडास, मोरीला फरशी. पूर्वी मालक आपल्याच घरात राहायचा. आता मालकाची मुले पुण्याला, संभाजीनगरला गेली, म्हणून वरच्या खोल्या भाड्याने निघाल्या. आष्टीच कशाला, मराठवाड्यातल्या कोणत्याही मोठ्या बाजारगावी जा, हेच चित्र दिसेल.

या खोल्यांना गिऱ्हाईक कोण? गुरुजी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, बँकेतला शिपाई, कंपाउंडर. शासन म्हणते, कर्मचाऱ्याने नेमणुकीच्या गावी राहावे, आणि घरभाडे भत्त्याचा प्रश्नही त्याला जोडलेला आहे. आता या नोकऱ्यांत आपली मुले-मुली बऱ्याच संख्येने आहेत. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, आपल्या आईबापांनी ऊस तोडून, खडी फोडून शिकवले. नोकरीचा हुकूम हातात आला. पण ज्या गावी हुकूम निघाला, त्या गावी राहायला खोली कोण देणार?

कोणी म्हणेल, आपल्या बौद्धवाड्यात का राहत नाही? मलाही एका गृहस्थांनी हेच विचारले. त्यांना मी सांगितले, आमच्या वस्तीत घरकुलाची घरे आहेत. दीड-दोन खोल्यांत आईबाप, दोन भाऊ, त्यांच्या बायका, लेकरे. माझ्या घरी मी, पत्नी, म्हातारी आई, धाकट्या भावाचा संसार. भाचीला मी घरात घेतलीच असती, आणि पहिले दोन महिने ती राहिलीही. पण लेकरू रात्री रडले की सगळे घर जागे. तिलाही स्वतःची चूल हवी. आणि मुख्य गोष्ट ही, की वस्तीत राहावे की पेठेत, हे आम्ही ठरवायचे. आम्ही वस्तीत राहिलो तर प्रेमाने राहू, पेठेचे दार बंद आहे म्हणून राहणार नाही.

जालन्यातले नऊ महिने

सन २०१० मध्ये माझी बदली जालना शहरात झाली. कारकुनाचा पगार, पत्नी, चार वर्षांची मुलगी. तीन आठवडे खोल्या शोधल्या. आडनाव सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलायचा. आमचे आडनाव असे आहे, की मराठवाड्यात ते ऐकताच माणूस ओळखतो. ज्यांची आडनावे गावावरून पडली आहेत, शेवटी 'कर' लागते, त्यांना वाटते आपण सुटलो. पण मालक पुढे विचारतोच : मूळ गाव कोणते? गावात घर कोणत्या गल्लीत? कुलदैवत कोणते? देव्हारा कोणत्या भिंतीला ठेवणार?

शेवटी एका गल्लीत चांगली खोली मिळण्याचा योग आला. मालकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि स्वतःच म्हणाले, "पाटलांपैकीच दिसता." मी नुसता हसलो. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्या हसण्यावर मला खोली मिळाली.

घरी येऊन पत्नीला सांगितले. ती काही बोलली नाही. तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो तिने आपल्या लग्नातल्या शालूत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. मुलीला शिकवले, की दारात कोणी आले तर 'नमस्ते' म्हणायचे, 'जय भीम' म्हणायचे नाही. मुलगी म्हणाली, "का? आजोबा तर म्हणतात." चार वर्षांच्या लेकराला काय उत्तर देणार?

मालकीणबाई माणूस म्हणून चांगल्या होत्या, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ताक केले की तांब्या भरून पाठवायच्या. मुलीला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या. संक्रांतीला त्यांनी पत्नीला हळदीकुंकवाला बोलावले. ती गेली आणि येऊन स्वयंपाकघरात रडत बसली. म्हणाली, "त्या इतकं प्रेम करतात, आणि मला वाटतं मी त्यांच्या घरात चोरी करायला शिरले." १४ एप्रिलला आम्ही बहिणीकडे निघून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात जयंतीचा दिवा लागला नाही. रोजचे त्रिशरण-पंचशील पत्नी ओठातल्या ओठात म्हणायची.

नवव्या महिन्यात गावाहून आबा आले. माझे वडील. नातीसाठी हरभऱ्याचे डहाळे घेऊन, एस.टी.ने. त्यांना आम्ही काही सांगितले नव्हते. सांगायची लाज वाटली. त्यांनी नेहमीप्रमाणे जिन्याखालूनच मोठ्याने हाक दिली, "जय भीम, बाळा! हाईस का घरात?"

मी धावत बाहेर आलो आणि म्हणालो, "आबा, हळू बोला."

आबा जिन्यात थबकले. माझ्याकडे पाहिले, मग खालच्या मजल्यावर दारात उभ्या असलेल्या मालकांकडे पाहिले. त्यांना सगळे समजले. ते वर आले, पाणी प्यायले, नातीला डहाळे दिले आणि मुक्काम न करता संध्याकाळच्या गाडीने परत गेले. काही बोलले नाहीत. पुढे चार वर्षांनी ते गेले, तोपर्यंत त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. म्हणूनच तो माझ्या मनातून जात नाही.

दहा दिवसांनी मालक म्हणाले, "पोराचं लग्न काढलंय, खोल्या लागतील." आम्ही महिनाअखेर सामान हलवले. टेम्पोत बसताना पत्नी म्हणाली, "खोली गेली त्याचं काही नाही हो. पण तुम्ही आबांना 'हळू' म्हणालात, ते लेकीनं ऐकलं."

बडोद्याचे ते अकरा दिवस

परमपूज्य बाबासाहेबांना या दुःखाची पुरेपूर ओळख होती. १९१७ साली ते परदेशातले शिक्षण घेऊन बडोदा संस्थानात नोकरीला आले. महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन शिकले होते, त्यामुळे नोकरी करणे हे करारानेच ठरलेले. कोलंबिया विद्यापीठाचा विद्वान, पण बडोद्यात उतरायचे कुठे? हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही हे माहीत होते. म्हणून ते एका पारशी सरायीत गेले. ती सराय फक्त पारशांसाठी होती. तेव्हा पारशी नाव घेऊन राहायचे असे ठरले. रोजचा दीड रुपया खर्च. वरच्या मजल्यावर एकटेच, रात्री मिणमिणता दिवा, सोबतीला पुस्तके.

अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले आणि त्यांनी जाब विचारला. संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची धमकी दिली. बाबासाहेबांनी ओळखीच्या दोघांकडे आसरा मागून पाहिला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने नोकर निघून जातील म्हणून सांगितले, दुसऱ्याने बायकोला विचारावे लागेल म्हणून सांगितले. शेवटी ते कमाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. २३ सप्टेंबर हा दिवस आपण संकल्प दिन म्हणून पाळतो, तो याच प्रसंगावरून.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने काढली, आणि महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात १९९३ साली ती आली. घरातल्या शिकलेल्या मुलांनी ती मोठ्याने वाचून आईवडिलांना मराठीत सांगावी, अशी माझी विनंती आहे.

जालन्याहून परतल्यावर मी ती पुन्हा वाचली. आणि एक गोष्ट ध्यानात आली. दुसऱ्याचे नाव घेऊन बाबासाहेबांनाही घर मिळाले नाही. मिळाले ते अकरा दिवसांचे भय. पुढे त्यांनी काय केले? परळच्या चाळीत आपल्या माणसांत, आपल्या नावाने राहिले. आणि १९३० नंतरच्या वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधले. लपूनछपून नाही, स्वतःच्या नावाने. त्याला नाव दिले 'राजगृह', बुद्धकाळातल्या मगधाच्या राजधानीचे. बडोद्याच्या सरायीपासून राजगृहापर्यंतचा हा प्रवास म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते.

कायदा काय म्हणतो

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, घर त्याचे, द्यायचे का नाही ही त्याची मर्जी. अर्धी गोष्ट खरी आहे. मालक भाडे जास्त मिळते म्हणून, कुटुंब मोठे आहे म्हणून नाही म्हणू शकतो. पण जातीवरून, अस्पृश्यतेच्या कारणाने नाही म्हणण्याची मुभा त्याला नाही.

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तिला शिक्षा ठरवणारा कायदा १९५५ चा. १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंड. कलम १२ तर आणखी महत्त्वाचे. ज्याच्यावर अन्याय झाला तो अनुसूचित जातीचा असेल, तर तो प्रकार अस्पृश्यतेच्या कारणानेच घडला असे न्यायालय धरून चालते, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाल्यामुळे, धर्मांतर केले म्हणून हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

मग गुन्हे का नोंदले जात नाहीत? कारण मालक जात तोंडाने काढत नाही. 'पाहुणे येणार आहेत', 'कालच दुसऱ्याला शब्द दिला', 'आमच्याकडे मांसाहार चालत नाही' असे म्हणतो. नाही म्हणण्याचे शंभर सभ्य मार्ग आहेत.

हे केवळ खेड्यातले दुखणे नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. घर शोधणाऱ्यांनी आपापली नावे सांगून फोनवर चौकशी केली. उच्चवर्णीय नावाला फोनवर कोणी नकार दिला नाही. दलित नावांपैकी शंभरात अठरांना आणि मुस्लिम नावांपैकी शंभरात एकतीस जणांना सरळ नकार मिळाला. शिवाय अनेकांना जादा भाडे, जादा अटी सांगितल्या गेल्या. देशाच्या राजधानीत ही तऱ्हा, तर आष्टीच्या पेठेला काय बोल लावायचा?

अमेरिकेत काळ्या लोकांची हीच लढाई होती. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत काळ्यांच्या गरीब वस्तीत भाड्याची जागा घेऊन राहिले आणि गोऱ्यांच्या मोहल्ल्यांत घरे खुली करा म्हणून मोर्चे काढले. एका मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला. ४ एप्रिल १९६८ ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर आठवड्याच्या आत, ११ एप्रिलला, वंशावरून घर नाकारण्यास बंदी करणारा कायदा तिथे झाला. आपल्याकडे कायदा त्याआधी तेरा वर्षे झाला होता. फरक एवढाच, की त्यांनी घराच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरून भांडण केले. आपण घरे जळताना पाहिली. १९७८ च्या नामांतराच्या वेळी मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय गुदरले ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पण भाड्याच्या खोलीचा नकार मात्र आपण एकेकट्याने गिळत आलो.

चार दारे

आता पुन्हा त्या जिन्यापाशी येतो. भाचीने विचारले, आडनाव सांगू का? मी म्हणालो, "पोरी, सगळ्यात आधी आडनावच सांग. मग बाकीचं बोलू."

पहिल्या दारात आडनाव ऐकल्यावर मालक म्हणाले, "ताई, थोडा उशीर झाला तुम्हाला. कालच एकाला शब्द दिला." पाटी मात्र पुढे दीड महिना तशीच लटकत होती. येता-जाता आम्ही पाहत होतो.

दुसऱ्या घरी मालकीणबाईंनी आत बसवले, लेकराच्या हातात बिस्कीट दिले. मग हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्ही चांगल्या घरच्या दिसता. पण आमच्या सासूबाईंचं सोवळं कडक आहे, आणि पाण्याची टाकी सगळ्यांची एकच आहे." मला महाडचे तळे आठवले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ज्या पाण्यासाठी सत्याग्रह केला, ते पाणी आता गच्चीवरच्या काळ्या टाकीत जाऊन बसले आहे.

तिसरे मालक व्यवहारी. "रूम देतो, पण भाडं पाच हजार." शेजारच्या तशाच खोलीचे भाडे साडेतीन हजार होते. भाची म्हणाली, "काका, दीड हजार कशाचे जास्तीचे?" त्यांना उत्तर देता आले नाही.

चौथे घर एका सेवानिवृत्त गृहस्थांचे. त्यांनी आडनाव ऐकले, मान हलवली आणि विचारले, "मास्तरीणबाई आहात ना? भाडं पाच तारखेच्या आत पाहिजे. नळाला पाणी दिवसाआड येतं, आधीच सांगतो." मी जरा थांबून म्हटले, "मालक, आम्ही बौद्ध आहोत. मागून कटकट नको." ते म्हणाले, "मला भाड्याशी मतलब. तुम्ही कोण ते तुम्ही सांगितलं, बरं केलं. मागचा भाडेकरू काहीच सांगायचा नाही, आणि तीन महिन्यांचं लाईटबिल बुडवून गेला."

एवढ्यात आतून त्यांची पत्नी म्हणाली, "मटण-मासळी चालायची नाही हं." भाची हात जोडून म्हणाली, "मावशी, रोज काही होत नाही. पण घरात जे शिजेल ते माझ्या चुलीवर शिजेल. कचरा मी बांधून टाकीन, वास येऊ देणार नाही. ही अट मात्र मला लिहून देता यायची नाही." त्या थोडा वेळ कुरकुरल्या. शेवटी गृहस्थच म्हणाले, "जाऊ दे." दहा हजार अनामत, साडेतीन हजार भाडे, असा लेखी करार झाला. करारावर भाचीचे पूर्ण नाव.

पहिल्याच दिवशी सामान लावताना माझ्या पत्नीने सगळ्यात आधी खिळा ठोकला तो समोरच्या खोलीत, दार उघडले की दिसेल अशा भिंतीवर. तथागत आणि बाबासाहेब. म्हणाली, "ट्रंकेत राहायचं नाही आता."

आज त्याला वर्ष होऊन गेले. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या बाई अजून भाचीच्या घरचे पाणी पीत नाहीत, काही ना काही निमित्त काढतात. त्यांचा मुलगा मात्र दिवसभर भाचीच्या घरात खेळतो आणि पोळी मागून खातो. मालकीणबाईंनी मटणाचा विषय पुन्हा काढला नाही. १४ एप्रिलला भाचीने खीर केली आणि सहाही घरांत वाट्या पाठवल्या. चार वाट्या रिकाम्या, धुऊन परत आल्या. दोन जशाच्या तशा आल्या.

मध्यंतरी भाचीच्या सासूबाई आल्या. मी तिथेच बसलो होतो. त्यांनी जिन्याखालून हाक दिली, "जय भीम गं, सूनबाई!" भाची गॅसपाशी होती. तिथूनच तिने त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात उत्तर दिले, "जय भीम, आत्या! या वर!" मी खाली मान घालून चहा पीत राहिलो. आबांची आठवण झाली.

आपण काय करावे

अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो.

नाव लपवू नका. धर्माच्या दृष्टीने ते बरे नाहीच, कारण पंचशीलातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. पण व्यवहारातही ते टिकत नाही. करारनाम्याला आधार कार्ड लागते, त्यावर नाव असतेच. आपली मुले शिकायला शहरात जातात, वसतिगृहात जागा मिळाली नाही तर शासनाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिच्यासाठी राहण्याच्या जागेचे कागद लागतात. नाव चोरून घेतलेल्या खोलीचा कागद कुठून आणणार?

करार लेखीच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. तो ज्या शहरांना लागू आहे तिथे कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. गाव लहान असले तरी कागद कराच. अनामत किती, भाडे किती, खोली सोडण्याआधी किती दिवसांची सूचना, हे त्यात असू द्या. भाडे बँकेतून किंवा मोबाईलवरून द्या, नाहीतर पावती घ्या. राहायला जाताना मीटरचे आकडे दोघांच्या सहीने लिहून ठेवा.

खोली पाहायला एकटे जाऊ नका. सोबत कोणी असावे. नकार मिळाला तर तारीख, वेळ आणि मालकाचे नेमके शब्द त्याच दिवशी वहीत लिहा. जातीवरून उघड बोलले तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. समाजकल्याण कार्यालयालाही प्रत द्या. प्रत्येक वेळी कोर्टात जावे असे मी म्हणत नाही. पण लिहून ठेवले नाही, तर उद्या जावेसे वाटले तरी हातात काही राहत नाही.

आणि शेवटची गोष्ट आपल्याच लोकांसाठी. आपल्यातल्या पुष्कळांनी आता शहरात घरे बांधली, वर एक-दोन खोल्या भाड्याला काढल्या. आपण भाडेकरूला काय विचारतो? मातंग कुटुंब आले, चर्मकार आले, पारधी आले, मुसलमान आले, तर आपण 'पाहुणे येणार आहेत' म्हणतो का? ज्याने हा नकार स्वतः खाल्ला, त्याने तो दुसऱ्याच्या ताटात वाढू नये. आपल्या दारावरच्या पाटीखाली माणूस पाहून खोली मिळाली पाहिजे.

आष्टीत आम्ही एक साधी वही सुरू केली आहे. पेठेत आणि वस्तीत कुठे खोली रिकामी आहे, भाडे किती, मालकाने नाव ऐकून काय उत्तर दिले, हे त्या वहीत लिहितो. बदलीवर येणारी शिक्षिका, आरोग्यसेविका कोणत्याही समाजाची असो, तिने येऊन पाहावी. वही बुद्धविहारात ठेवली आहे. आतापर्यंत तिच्यात अकरा घरांच्या नोंदी झाल्या. त्यातल्या चार घरांपुढे आम्हाला 'हो' लिहिता आले. प्रत्येक गावच्या विहारात अशी एक वही असावी, आणि तिच्यात नोंद करताना प्रत्येकाने आपले पूर्ण नाव, आडनावासह, स्वच्छ अक्षरात लिहावे.

जय भीम. नमो बुद्धाय.